आईची भाकरी आणि माझं वजन

आमच्या घरात जेवणाचे दोन कायदे होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. पहिला आईचा. ताट रिकामं दिसलं की वाढायचं, विचारत बसायचं नाही. दुसरा दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते पलटणीत उमेदीची वर्षं घालवून आलेले. तिथल्या मेसमध्ये ताटात भात टाकला म्हणून त्यांना एकदा शिक्षा झाली होती. ताटात काही टाकायचं नाही, हा त्यांचा हुकूम. आता बघा. मी ताट स्वच्छ करायची, की आई वाढायची. आईनं वाढलं, की मी ते संपवायची. या दोन कायद्यांच्या कैचीत मी वाढत गेले, ती बाविसाव्या वर्षी सातारच्या पोवई नाक्यावर माझ्यासाठी टांगेवाले नाही म्हणू लागले तोवर.

सगळा दोष ताटाचा नव्हता. आमच्या आळीतल्या दुसऱ्या पोरींनाही त्यांच्या आया आग्रहानं वाढतच होत्या, त्या काही अशा सुटल्या नाहीत. काही जणांच्या शरीराचाच तो कल असतो, हे मला पुढे एका शहाण्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर लोकांनी एकच सांगितलं होतं, की ही खादाड आहे.

आईचा कायदा कुठून आला ते मला ठाऊक होतं. लहानपणी ती उंब्रजजवळच्या आपल्या खेड्यात आपल्या आईची टोपली घेऊन घरोघर भाकरी आणायला जायची. 'मागायला' हा शब्द ती वापरत नसे, 'हक्काची' म्हणे. पण ती हक्काची भाकरी बहुतेक शिळी असे, आणि किती द्यायची ते देणारी ठरवी. लग्नानंतरही ओढगस्त सुटली नाही, त्या दिवसांत माझ्या पाठची दोन भावंडं गेली. पुढे आमच्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा आईनं ती टोपली मोडून चुलीत घातली. त्या दिवसापासून तिच्या घरात शिळं वाढलेलं कुणी पाहिलं नाही आणि अर्धपोटी कुणी उठलं नाही. मी तिच्या डोळ्यांसमोर अशी भरत गेले, तर तिला काळजी कशी वाटणार? तिला अभिमान वाटे. बायका म्हणत, "पोरगी लय सुटली गं." ती म्हणे, "सुटंना का. खात्या घरची हाय."

मी सातवीची फायनल पास झाले, मग सांगलीला दोन वर्षं मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं. तिथल्या वसतिगृहात माझी खाट वाकली, मग मी जमिनीवर अंथरूण घातलं. आडवी झाले की श्वास कोंडे, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपायची. मग दिवसा वर्गात डोळा लागे आणि मुली हसत. घोटे संध्याकाळपर्यंत सुजत. मांड्या घासून सोलवटत, पोटाच्या घड्यांत पुरळ उठून चिघळे. पाळी चार-चार महिने येत नसे. यातलं एकही मी कुणाला बोलले नाही. परीक्षेत मात्र पहिल्या पाचांत आले. जाड माणूस मठ्ठ असतो असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या तोंडावर तो निकाल मारावा असं मला फार वाटलं.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेवर नेमणुकीचं पत्र आलं. आमच्या भावकीत सरकारी पगारावर जाणारी मी पहिली बाई. आता फक्त सरकारी दवाखान्यात तपासणी करून 'फिट' असा दाखला आणायचा बाकी होता. आई माझ्याबरोबर सांगलीला आली, नवं लुगडं नेसून.

तिथे मला काट्यावर उभं केलं. काटा एकशे अठरा किलोवर थांबला. किलो तेव्हा नवेच आले होते, आईला त्यांचा पत्ता नव्हता. तिनं दाराशी उभ्या शिपायाला विचारलं, "म्हंजी किती मण?"

"तीन मणाच्या वर, बाई."

"तीन मण!" आई कौतुकानं म्हणाली. आमच्या घरात तीन मण काही कधी आलं नव्हतं, तेव्हा तिचा तो स्वर मी समजू शकते. पण तपासणाऱ्या डॉक्टरसाहेबांचं तोंड गंभीर होतं. रक्तदाब भलताच चढलेला. मग त्यांनी परीक्षानळीत निळं औषध घेतलं, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळलं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी. माझं विटेसारखं लाल झालं.

"बाई, तुमचं वय बावीस आणि शरीर पन्नाशीचं," ते म्हणाले. "वर्गात चक्कर येऊन पडलात तर? मी सही करू शकत नाही." त्यांनी कागदावर लिहिलं, तात्पुरती अपात्र, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. तोवर जागा राखून ठेवतील, त्यानंतर ती दुसऱ्याला. परतीच्या एसटीत मी तोंड खिडकीकडे करून बसले. कराड गेलं तरी मान वळवली नाही.

सातारला आमच्या घराजवळ एक म्हातारे डॉक्टर होते. तिरसट म्हणून प्रसिद्ध. त्यांनी सगळं तपासलं, मुकाट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोळ्या मी आत्ता देत नाही. वजन उतरलं की साखरही उतरेल, रक्तदाबही उतरेल, झोपही आडवी लागेल. खाणं निम्मं कर, रोज चाल. आणि सोमवार, शनिवार उपास धर."

एवढं ऐकलं आणि आई ताठ झाली. "आवं डॉक्टर, उपास-तापास आमी दीक्षा घेतली त्याच दिशी सोडलं. त्ये परत धराया सांगू नगा."

मला वाटलं, संपलं. पण डॉक्टर मोठ्यानं हसले. "बरं केलंत सोडलंत ते. माझ्याकडे उपास धरणाऱ्या बाया येतात. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, आणि वर मला विचारतात वजन का वाढलं." त्यांनी कागद ओढला आणि लिहून दिलं: दिवसाला दोन भाकरी, पालेभाजी हवी तेवढी, पातळ डाळ, ताक. गूळ, साखर, दाण्याचा कूट बंद. तेल चमच्यानं मोजून.

आईला वाचता येत नव्हतं, पण आकडा तिनं दोनदा विचारून घेतला. "दोन म्हंजी दोनच?"

"दोनच."

दोन महिने मी दोनच खाल्ल्या. देवाशपथ म्हणायची सोय आमच्यात राहिली नव्हती, पण खरंच दोन. चहा बिनसाखरेचा प्यायले. कूट नसलेली मेथी गिळली. रोज पहाटे चालायला निघाले, तर धाप लागून कोपऱ्यावरच्या नळापाशी बसले. दर पंधरवड्याला डॉक्टर काट्यावर उभं करत आणि काटा तिथंच. दुसऱ्या महिनाअखेरीला तर अर्धा किलो वाढलेलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघ पोरी, शरीर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. चोरून खात असशील तर मला सांग. मी रागावणार नाही."

जन्मभर लोकांनी मला खादाड म्हटलं, त्याची मला सवय होती. चोर कुणी म्हटलं नव्हतं. मी तिथून उठले ती तडक नाक्यावरच्या एका औषधवाल्याकडे गेले. त्यानं वजन उतरवायच्या गोळ्या गुपचूप काढून दिल्या, मुंबईच्या बायका घेतात म्हणाला. तीन दिवस मी त्या घेतल्या. भूक गेली हे खरं, पण छातीत असं धडधडायला लागलं की हातातली घागर निसटली. दादांनी मला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या पाहिल्या, पुडी मोरीत भिरकावली आणि मला असं काही झापलं की बाहेरचे रोगी गप्प झाले.

पण माझा राग त्यांच्या रागापेक्षा मोठा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं माझ्या ताटात भाकरी टाकली, ती मी तशीच फडक्यात बांधली. "कुटं चाललीस?" म्हणत आई मागून आली. मी थांबले नाही. दवाखान्यात गेले आणि ती भाकरी त्यांच्या टेबलावर ठेवली, कागदांच्या वर.

"अशा दोन. एक कणही जास्त नाही. आता मला चोर म्हणा."

 आमची भाकरी परातीएवढी, कडेला बोटभर जाड, मधे हात टेकला तर ऊब लागे अशी. डॉक्टरांनी ती उचलली, हातात जोखली, आणि शेजारी तान्ह्या मुलांचं वजन करायचा काटा होता त्याच्या पाळण्यात नेऊन ठेवली. पाव किलोच्या पुढे गेली ती. मग त्यांनी कंपाउंडरला मागच्या बाजूला आपल्या घरी पिटाळलं आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली एक भाकरी मागवली. ती पाळण्यात ठेवली तेव्हा काटा हलला की नाही ते वाकून बघावं लागलं. आमच्या एका भाकरीत त्यांच्या तीन बसत होत्या.

आई दारात उभी राहून हा तमाशा बघत होती. ती पुढे आली, डॉक्टरांची भाकरी तिनं दोन बोटांत धरली. "ही भाकरी म्हनायची? आवं, आमच्यात तवा तापला का बघाया एवढी टाकत्यात!"

डॉक्टर खुर्चीत बसले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी माझ्या घरची भाकरी धरून चाललो. कुणाची भाकरी ते विचारलंच नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुला बोललो ते मागं घेतो." तिरसट माणसाला असं बोलताना किती कष्ट पडतात ते मला कळत होतं, कारण मीही त्याच जातीची. माझा सगळा राग तिथेच निवला.

पण घरी येताना माझ्या मनात दुसरंच घोळत होतं. गेल्या महिन्यापासून भाकरी आणखी जाड लागत होती. चुलीपाशी बसल्यावर मी विचारलं, "आये, पिठाचा गोळा तू मोठा घेत हुतीस का?"

आईनं मान वर केली नाही. "कागदावर दोन लिवल्यात, दोनच देत हुते. कागदावर किती मोठी त्ये कुटं लिवलंय?"

तेव्हा मी जे बोलले ते आजही मला टोचतं. म्हणाले, "तुझ्या भाकरीनं माझी नोकरी खाल्ली. अजून चार महिन्यांनी मी मेले तरी तू वाढतच बसशील."

दोन लेकरं गेलेल्या बाईला मी हे बोलले.  तिनं तवा उतरवून ठेवला, हात धुतले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. दादा पलटणीतला माणूस, पण त्या संध्याकाळी त्यांनाही काय हुकूम द्यावा ते सुचलं नाही. चूल तशीच थंड राहिली. त्या घरात आईच्या राज्यात पहिल्यांदा सगळे न जेवता झोपले, आणि ते माझ्यामुळे.

सकाळी भाकरी थापायचा आवाज आला म्हणून मी उठून बघितलं. आई परातीपुढे बसली होती. तिनं गोळा घेतला, सवयीनं मोठाच घेतला गेला. मोडला. परत घेतला, परत मोडला. तिच्या हाताला एकच माप ठाऊक होतं. शेवटी तिनं एक लहान गोळा केला, तो तळहातावर ठेवून बराच वेळ बघितला आणि थापायला घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबले नव्हते. मी जवळ बसले.

"माज्या आयच्या टोपलीत किती पडायचं त्ये दुसरी बाई ठरवायची," ती म्हणाली. "मला वाटायचं, कमी खानं म्हंजी त्येच. आता रातभर इचार केला. कमी बी आमीच ठरवायचं अन् जास्ती बी आमीच. कुनी दुसऱ्यानं न्हाई. मग त्यात कसली आलीया लाज?"

तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, आणि लगेच दुसरी तेवढीच केली, स्वतःसाठी. "तू जेवडी खाशील तेवडीच मी बी खाईन. हा माजा कायदा." दादांनी आतून ओरडून विचारलं, "माझं राशन किती?" आई म्हणाली, "तुमी पेन्शनीतलं. तुमाला जुनंच." मी कितीतरी दिवसांनी हसले.

त्यानंतर आईनं जो काही उपचार केला त्याला तोड नाही. तेल मोजायला तिनं शिंपला घेतला. भाजीत कूट नसला तरी चव यावी म्हणून तीळ नाही, खोबरं नाही, नुसती लसूण-मिरची अशी परतायची की वाटेवरचा माणूस शिंकावा. ताट रिकामं झालं तरी ती बसल्या जागेवरून हलायची नाही. तिचा उजवा हात आपोआप टोपल्याकडे जाई, तेव्हा डाव्या हातानं ती तो धरून ठेवी. हे मी स्वतः पाहिलंय.

चालणं दादांनी हाती घेतलं. पहाटे पलटणीतल्यासारखी "फॉलिन!" अशी हाक मारत आणि मला 'चार भिंती' या जुन्या वास्तूच्या वाटेनं टेकडीकडे नेत. पहिल्या आठवड्यात मी चढाच्या पायथ्याशीच बसले. मांड्या सोलवटून रक्त यायचं, ते दादांना कसं सांगणार? आईला सांगितलं. तिनं दादांच्या जुन्या खाकी अर्ध्या चड्ड्या काढल्या, कडेला कापड जोडून माझ्या मापाच्या केल्या, आणि त्या मी पातळाच्या आत घालायला लागले. दादांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "वर्दी मिळाली, आता माघार नाही." त्या चड्ड्यांनी माझं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्या मलमानं केलं नाही.

वाटेत टोळकी बसलेली असत. "गाडी आली रं, बाजूला व्हा गड्या!" असं एक जण रोज ओरडायचा. सुरुवातीला मी मान खाली घालायची. एके दिवशी थांबले आणि म्हणाले, "मी रोज ही टेकडी चढते. तू एक दिवस चढून दाखव, मग बोल." तो उठला नाही. दुसऱ्या दिवसापासून ओरडायचाही बंद झाला. तिसऱ्या महिन्यात मी न थांबता वर पोचले आणि खाली पसरलेला सातारा बघत उभी राहिले. दादांनी मला सलाम ठोकला. चेष्टेनं ठोकला, पण त्यांचे डोळे ओले होते.

मी काही बारीक झाले नाही, हे आधीच सांगते. ज्यांना शेवटी चवळीची शेंग हवी आहे त्यांची निराशा होईल. पण आडवी झोपू लागले. पाळी आली. घोटे दिसू लागले. परीक्षानळीतलं औषध लालाचं हिरवं झालं आणि एका सकाळी उकळूनही निळंच राहिलं. डॉक्टरांनी ती नळी आईच्या हातात दिली, आणि आई ती उजेडाकडे धरून इकडून तिकडून बघत राहिली.

सहा महिने भरले तसे आम्ही सांगलीला गेलो. साहेब तेच होते. काटा सत्त्याण्णववर थांबला. त्यांनी रक्तदाब दोनदा घेतला, नळी उकळली, मला दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला आणि मनगट धरून ठोके मोजले. सगळं ठीक निघालं. तरी त्यांचा हात सहीकडे जाईना. ते पुन्हा पुन्हा त्या सत्त्याण्णवकडे बघत होते.

"वजन अजून फार आहे, बाई."

 पण चार महिने टेकडी चढलेल्या बाईला आवाज फुटतो. "आहे, साहेब. अजून उतरवीन, ते काही वर्षांचं काम आहे. पण मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, वर्गात पडलात तर? आत्ता तुमचा जिना दोनदा चढून आले. मी पडेन असं वाटतं का तुम्हाला?"

साहेबांनी टाक उचलला. मग त्यांनी दाखल्यावर लिहिलं: नोकरीस पात्र. खाली एक ओळ होती, मधल्या काळात उपचार कोणी केले. मी आमच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. ते लिहून ते कागद पुढे सरकवणार, तोच मी म्हटलं, "अजून एक नाव राहिलं."

"कुणाचं? नर्स होत्या का?"

"नाही. माझी आई. बाहेर बाकावर बसली आहे. डॉक्टरांनी सांगितलं ते खरं, पण केलं तिनं." आणि मी तिचं संपूर्ण नाव सांगितलं, तिचं, दादांचं, आणि आडनाव. साहेब दारातून बाहेर बघत राहिले. तिथे नवं लुगडं नेसलेली ती हडकुळी बाई हात मांडीवर ठेवून बसली होती. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि डॉक्टरांच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं.

बाहेर आले तर आई उठून उभी. "काय म्हनला?"

"झालं, आये. फिट."

"वाचून दाव." मी तो कागद पहिल्या अक्षरापासून वाचला. शेवटी तिचं नाव आलं तशी ती चपापली. "माजं? कशापायी? म्या काय केलंय?"

"उपचार कुणी केले, तिथं लिवलंय."

"कुटं हाय त्ये दाव." मी बोट ठेवलं. तिनं माझं बोट सारून तिथं आपलं बोट ठेवलं. ज्या बाईचं नाव आजवर कुठल्या सरकारी कागदावर आलं नव्हतं, तिनं ते दोन-तीनदा हळूहळू चाचपलं.  पुढे मी हेडमास्तरीण झाले, मान मिळाला, पण त्या क्षणाएवढा अभिमान मला परत कधी वाटला नाही.

मग ती म्हणाली, "ह्यो कागुद हापिसात दिवू नगंस."

"दिला न्हाई तर नोकरी कशी मिळंल, आये?"

तिनं विचार केला. "मग नक्कल काढ. आत्ताच काढ."

मी पिशवीतून वही काढली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून नक्कल करू लागले. लोक आमच्या कडेनं वर-खाली जात होते. आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. मी शेवटच्या ओळीपाशी आले तशी ती म्हणाली, "माजं नाव जरा मोठं काढ."

मी ते पानाच्या रुंदीएवढं काढलं.